बहिणीच्या रक्ताने उत्तर मिळालं नाही, आता आईचं रक्त द्या

भांडुपहून एका ताईंनी विचारलंय: "माझा २९ वर्षांचा धाकटा भाऊ गेल्या जूनमध्ये घरातून गेला तो परत आलाच नाही. मिसिंग कंप्लेंट दिली. तीन आठवड्यांनी ऐरोलीच्या बाजूला खारफुटीत एक मृतदेह मिळाला, चेहरा ओळखण्यापलीकडे गेलेला. पोलिसांनी माझं रक्त घेतलं. आता आठ महिन्यांनी सांगतात, रिपोर्टमध्ये नातं सांगता येत नाही असं आलंय. म्हणजे तो आमचा नाही का? वडील सहा वर्षांपूर्वी गेले. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तिला बीपी आहे. डीएनए इतका खात्रीचा असतो म्हणतात, मग उत्तर का येत नाही?"

ताई, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. तो तुमचा भाऊ नाही असं या रिपोर्टने म्हटलेलं नाही. आहे असंही म्हटलेलं नाही. मी २६ वर्षं सरकारी प्रयोगशाळेत हाडं आणि दात यांच्यावर काम केलं. आमच्याकडून निघणाऱ्या अहवालाचे शेवट तीनच: जुळतो, जुळत नाही, सांगता येत नाही. तिसऱ्या शेवटाची पोलीस ठाण्यापर्यंत जाता जाता फार मोडतोड होते. हवालदार फोनवर "मॅच नाही झालं" एवढंच सांगतो. मग एखाद्या घरात सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि एखाद्या घरात शोध थांबवतात, दोन्ही चुकीच्या आधारावर. म्हणून पहिलं काम म्हणजे तपास अधिकाऱ्यांसमोर बसून अहवालाचा शेवटचा परिच्छेद स्वतः वाचा. हाडातून डीएनएच्या किती जागांचे आकडे मिळाले (हे आकडे काय ते पुढे सांगते) तेही त्यात तक्त्यात दिलेलं असतं, ते उतरवून घ्या.

आता बहिणीचं रक्त अपुरं का पडतं ते बघा.

आम्ही सगळा डीएनए वाचत नाही. त्यातल्या वीसेक ठरलेल्या जागा बघतो, जिथे एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुणाच्यात तो ८ वेळा येतो, कुणाच्यात १४ वेळा. प्रत्येक जागी माणसाकडे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. आई-वडिलांच्या हातात प्रत्येकी दोन चिठ्ठ्या आहेत आणि प्रत्येक मुलाला ते त्यातली एकेक देतात, असं समजा. कुठली द्यायची हे नशिबावर.

समजा एका जागी तुमचे आकडे ८ आणि १४ आहेत, आणि हाडाचे ११ आणि १६. एकही आकडा सारखा नाही. बघणाऱ्याला वाटेल, संपलं, हा भाऊ नव्हेच. पण आईचे आकडे ८ आणि ११ असतील, वडिलांचे १४ आणि १६ असतील, तर? तुम्हाला आईची ८ आणि वडिलांची १४ आली, भावाला उरलेल्या दोन. सख्खी भावंडं, आणि त्या जागी दोघांत काहीच सामाईक नाही. सख्ख्या भावंडांत साधारण चार जागांमागे एका जागी आई-वडिलांकडून आलेल्या चिठ्ठ्या दोन्ही वेगळ्या असतात. उलट तुमच्या इमारतीतल्या एखाद्या परक्या माणसाशीही तुमचे चार-दोन आकडे सहज जुळतील, कारण काही आकडे समाजात भरपूर आढळतात. भावंडांची तुलना ही अशी निसरडी असते. वीसच्या वीस जागा मिळाल्या तर बऱ्याचदा कल स्पष्ट दिसतो. आठ-दहाच मिळाल्या तर प्रामाणिक तज्ज्ञ "सांगता येत नाही" असंच लिहितो, आणि तसंच लिहायला हवं.

आईचं तसं नाही. आई ८ आणि ११ असेल तर तिच्या मुलाकडे त्या जागी ८ किंवा ११ असलाच पाहिजे. प्रत्येक जागी. दोन-तीन जागी नसला तर नातं नाही. (एका जागी चुकला तर लगेच नाकारत नाही, पिढीतून पिढीत जाताना क्वचित आकडा एकाने सरकतो.) आणि तुमचं रक्त वाया गेलेलं नाही. आईचा नमुना शेजारी ठेवला की तुमच्या ८-१४ मधला १४ वडिलांचा हे आपोआप कळतं. म्हणजे गेलेल्या वडिलांच्या चिठ्ठ्यांपैकी एक तरी बऱ्याच जागांवर तुमच्यामुळे हाती लागते. आई आणि मुलगी मिळून जे सांगतात ते तीन भावंडं मिळूनही कधी कधी सांगू शकत नाहीत.

राहता राहिला प्रश्न हाडाचा. जून-जुलैतली खाडी, चिखल, खारं पाणी, वर दमट उष्मा. मऊ भागातला डीएनए अशा हवेत आठवड्याभरात तुकडे तुकडे होतो. म्हणून आम्ही मांडीच्या हाडाचा मधला भाग किंवा न किडलेली दाढ मागतो, तिथे तो हाडाच्या खनिजात दडून राहतो. हाड आलं की आधी वरचा थर घासून काढायचा, धुवायचं, वाळवायचं. मग द्रव नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंशांवर गोठवून त्याची पूड करायची, खडूच्या भुकटीसारखी. ती पूड रसायनात ठेवून तिच्यातलं कॅल्शियम विरघळवायचं, आणि एवढं करून हाताला लागतो तो डीएनए ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजायचा. यंत्राच्या आलेखात मग एक ओळखीचं चित्र दिसतं: डावीकडे उंच सुळके, उजवीकडे जाता जाता ठेंगणे, शेवटी सपाट. डावीकडे छोटे तुकडे, उजवीकडे लांब. पाण्यात राहिलेल्या हाडात लांब तुकडे शिल्लकच नसतात. तुमच्या अहवालात काही जागांसमोर आकड्यांऐवजी रेघ असेल, ती ही उजवी बाजू.

त्यामुळे पोलिसांना विचारायचा दुसरा प्रश्न असा की प्रयोगशाळेत हाड किंवा दात शिल्लक आहे का. असेल तर त्यातून परत डीएनए काढता येतो, छोटे तुकडे वाचणारी वेगळी पद्धत वापरता येते. मृतदेह दफन केला असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने पुन्हा उकरता येतो. दहन झालं असेल तर राखेतून आम्हाला काही मिळत नाही, मग बाटलीत किंवा पाकिटात जे राखून ठेवलंय तेवढंच.

एक प्रकरण मी विसरलेले नाही. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. हाडाचा उत्तम तुकडा, मांडीचाच, व्यवस्थित सील केलेला, वर लाखेचा ठसा, आणि आत फॉर्मॅलिन. फॉर्मॅलिन ऊतक टिकवतं आणि डीएनए नासवतं. विषाच्या तपासणीचा व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे तुकडे, मिठाच्या द्रावणात जातो, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जातो, आणि डीएनएचं हाड कशातच नाही, नुसतं वाळवून कागदात. तीन नमुने, तीन रीती, आणि शवागारात रात्री एकटा माणूस तिन्ही बाटल्या भरत असतो. त्या कुटुंबाला आम्ही तीनदा प्रयत्न करून शेवटी रेघांचा तक्ता पाठवला.

तुमच्या आईबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण "आईला सांगितलं नाही" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. रक्त द्यायला काका येतात, मेहुणा येतो, एकदा तर शेजारी आले होते, "आम्ही घरच्यासारखेच" म्हणत. मेहुण्याच्या रक्ताचा उपयोग शून्य. पण आईला त्रास नको म्हणून घर असं तिच्याभोवती भिंत उभी करतं, आणि जिच्याकडे उत्तर असतं तीच बाहेर राहते.

लालबागच्या एक बाई आल्या होत्या. मुलांनी त्यांनाही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. एकट्याच आल्या, पिशवीत एक स्टीलचा डबा. डब्यात मलमलच्या फडक्यात बांधलेलं मुलाचं जावळ, आणि ताईतात घालून ठेवलेली वाळलेली नाळ. "साहेब म्हणाले डीएनएला केस चालतात," म्हणाल्या. मी त्यांना बसवलं. जावळ वस्तऱ्याने काढलेलं असतं, त्याला मूळ नसतं. मूळ नसलेल्या केसातून बहुतेक मिळतो तो मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या केंद्रकाबाहेरच्या छोट्या भागांचा डीएनए, आणि तो आईकडून जसाच्या तसा मुलात येतो. म्हणजे ३४ वर्षं जपलेलं जावळ जे सांगणार होतं ते त्यांच्या स्वतःच्या बोटातल्या रक्ताच्या थेंबात होतंच. नाळेत खुद्द मुलाच्या पेशी असतात, पण आईच्या रक्ताचाही डाग असू शकतो, म्हणून मी पत्र लिहून ती पोलिसांमार्फतच मागवली. डबा त्यांना परत दिला. दुसऱ्या दिवशी रीतसर रक्त दिलं, नाळेची गरजच पडली नाही.

या मायटोकॉन्ड्रियाचं तुमच्या बाबतीत महत्त्व आहे. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएची एकच जोडी, पण मायटोकॉन्ड्रियाच्या प्रती एका पेशीत शेकडो-हजारो. छोटा गोल डीएनए, १६,५६९ अक्षरांचा. हाडात बाकी सगळं विरलं तरी हा सापडतो. तो फक्त आईकडून येतो, त्यामुळे तुमचा, आईचा, भावाचा, मावशीचा सारखाच. म्हणून या चाचणीसाठी तुमचा आधी दिलेला नमुनाही चालेल. हाडाचा स्पष्ट वेगळा निघाला तर तो तुमचा भाऊ नाही, विषय मिटला. सारखा निघाला तर शक्यता बळावते, पण आईच्या बाजूने बायकांच्या साखळीतून जोडलेली सगळी त्यात येतात, म्हणून तो एकटा पुरत नाही. प्रत्येक प्रयोगशाळेत ही चाचणी रोजची नसते. हैदराबादच्या सीडीएफडीसारख्या, डीएनए तपासणीच्या केंद्रीय संस्थेकडे पाठवावं लागतं. वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीतल्या खून प्रकरणात हेच झालं. वडिलांनी वसईत तक्रार दिली, २०२२ च्या नोव्हेंबरात मेहरौलीच्या जंगलात हाडं मिळाली, वडिलांच्या नमुन्याशी तुलना झाली, आणि हाडाचे-केसांचे नमुने मायटोकॉन्ड्रियासाठी हैदराबादला गेले.

वडिलांची बाजू तुमच्याकडे कुणी आहे का? सख्खे काका असतील, मग ते संगमेश्वरला असोत की बदलापूरला, त्यांचा वाय क्रोमोसोम भावाच्या वायशी जुळायला हवा. वाय बापाकडून मुलाकडे जवळजवळ न बदलता जातो, त्यामुळे वाडीतली सगळी भावकी एकाच शिक्क्याची असते. तेवढ्यावर नाव लावता येत नाही, पण आईच्या निकालाला जोड चांगली मिळते. एक नाजूक गोष्ट: घरात कुणी दत्तक असेल, किंवा नात्याबद्दल न बोललेलं काही असेल, तर ते तपास अधिकाऱ्यांना एकांतात सांगून ठेवा. नाहीतर काकांचा वाय जुळला नाही म्हणून खरा भाऊ बाद व्हायचा. भाऊच दत्तक नसेल तर आईच्या नमुन्यात ही भानगड नसते, तिचं रक्त मागण्याचं हेही एक कारण.

"डीएनए खात्रीचा असतो" म्हणता तेव्हा लोकांच्या मनात एक चित्र असतं: रक्त दिलं की संगणक सगळीकडे शोधून आणतो. असं काही होत नाही. डीएनए दोन नमुने शेजारी ठेवल्यावर बोलतो. कुठले दोन ठेवायचे हे माणसाने ठरवायचं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं, २६० माणसं गेली, त्यातल्या बहुतेकांची ओळख डीएनएवरून दोन-अडीच आठवड्यांत लागली. तिथे विमानात कोण होतं याची यादी हातात होती, नातेवाईक रांगेत उभे होते. खारफुटीत सापडलेल्या माणसाची यादी नसते. तो भांडुपचा असेल, बिहारहून कालच उतरलेला असेल, बोटीवरून पडलेला असेल.

त्यात मुंबईची भौगोलिक गंमत, गंमत कसली. तुमची मिसिंग मुंबई पोलिसांकडे. भरतीने मृतदेह खाडीपलीकडे गेला की तो नवी मुंबईचा. थोडा वर सरकला तर ठाण्याचा. रुळांजवळ मिळाला तर लोहमार्ग पोलिसांचा, भाईंदरच्या खाडीत गेला तर मीरा-भाईंदर, वसई-विरारचा. पाच आयुक्तालयं, त्यापलीकडे रायगड आणि पालघर जिल्हे. बेपत्ता माणसाची फाइल एकीकडे, अनोळखी मृतदेहाची अकस्मात मृत्यूची फाइल दुसरीकडे, आणि दोन्हींतला दुवा म्हणजे बहुधा एखादा चिकाटीचा हवालदार, जो फोटो आणि वर्णनं घेऊन शवागारं पालथी घालतो. तुमच्या बाबतीत तो दुवा जुळला, नाहीतर तुमचं रक्त कशाशी ताडायचं हाच प्रश्न होता. अनोळखी मृतदेहांचे आणि बेपत्तांच्या नातेवाइकांचे डीएनए एका ठिकाणी ठेवावेत यासाठी लोकनीती फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, सरकारने कायदा आणतो म्हटलं, २०१८ मध्ये ती निकाली निघाली. २०१९ च्या डीएनए विधेयकात बेपत्ता आणि अनोळखी मृत अशा दोन वेगळ्या सूची होत्या. २०२३ च्या जुलैत ते विधेयक मागे घेतलं गेलं. गोपनीयतेच्या शंका खऱ्या होत्या, मी त्या धुडकावत नाही. पण त्या दोन सूची तरी वेगळ्या काढून करायला हव्या होत्या असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच, हा मृतदेह तुमच्या भावाचा नाही असं नक्की ठरलं तरी आईचा नमुना द्या आणि त्याचं प्रोफाइल, म्हणजे त्या आकड्यांचा तक्ता, फाइलला लावून ठेवायला सांगा. उद्या दुसरा कुणी मिळाला तर परत सुरुवातीपासून नको.

कपड्यांवर भिस्त ठेवू नका, एवढं थोडक्यात सांगते. दादरच्या फुटपाथवर एकाच रंगाचे, एकाच मापाचे शेकडो शर्ट एका दिवसात विकले जातात. शर्टावरून ओळख पटवून अंत्यसंस्कार झाले आणि नंतर नमुना जुळला नाही, असं मी पाहिलंय. बोटांचे ठसे मिळण्याजोगे असतील, किंवा भावाच्या दातांचं रूट कॅनल, क्ष-किरण चित्र कुठल्या डॉक्टरांकडे असेल, तर ते डीएनएच्या तोडीचं आहे आणि लवकर होतं. हातपाय मोडून प्लेट बसवली असेल तर तिच्यावरचा क्रमांकही. हे पोलिसांनी विचारलं नसेल तर तुम्ही सांगा. भावाचा दाढीचा रेझर, टूथब्रश अजून घरात असेल तर हात न लावता कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आपल्या हवेत आत बुरशी येते. रेझर त्यानेच वापरला होता ना, एवढं मात्र नीट आठवा.

खासगी प्रयोगशाळेत परस्पर जाऊ नका. मृतदेहाचा नमुना तिथे पोलिसांशिवाय जाणार नाही, आणि एकट्या आईच्या प्रोफाइलचा घरी काही उपयोग नाही.

कागदपत्रांचं सांगायचं तर, नमुना जुळला की अकस्मात मृत्यूच्या फाइलमध्ये (१ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, आधीचं १७४) अनोळखीच्या जागी नाव लागतं आणि मृत्यू दाखल्याची वाट मोकळी होते. काहीच मिळालं नाही तर सात वर्षं थांबून न्यायालयात जावं लागतं, साक्ष्य अधिनियमाचं कलम १११, जुनं १०८. बँक, विमा, भाडेपट्टी, सगळं त्या सात वर्षांत अडकून राहतं. हे सांगताना मला बरं वाटत नाही, पण तुमच्या घरात कुणीतरी हे आकडे मांडतच असेल.

तर आता पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज द्या: आई हयात आहे, रक्त द्यायला तयार आहे, मागील अहवाल अनिर्णित आहे, शिल्लक अस्थिनमुन्याशी फेरतुलना व्हावी, गरज पडल्यास मायटोकॉन्ड्रियाची चाचणी व्हावी. वरच्या कोपऱ्यात मिसिंगचा क्रमांक आणि नवी मुंबईतला अकस्मात मृत्यूचा क्रमांक, दोन्ही लिहा. पोच घ्या. रक्त सरकारी रुग्णालयात डॉक्टर घेतील, फोटो लावलेला ओळख फॉर्म भरतील, सही-अंगठा, सील, आणि पोलीसच ते कलिनाच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नेतील. आईला अलीकडे रक्त चढवलं असेल तर डॉक्टरांना सांगा. अस्थिमज्जा बदललेली असेल तर जरूर सांगा, तेव्हा रक्तात दात्याचा डीएनए असतो आणि गालाच्या आतला नमुना किंवा केस मुळासकट घ्यावे लागतात.

आईला रुग्णालयाच्या बाकावर सांगू नका. आदल्या दिवशी घरी सांगा, दिवसाउजेडी, कुणी जवळचं बसलेलं असताना. "तो गेला" असं म्हणू नका, ते आपल्याला माहीत नाही. "एक माणूस मिळालाय, तो आपला आहे का हे फक्त तुझ्यावरून कळेल," एवढं म्हणा. बहुतेक आया यावर रडतात आणि मग विचारतात कधी जायचंय. उपाशीपोटी न्यायची गरज नाही. नाश्ता होऊ दे, बीपीची गोळी घेऊ दे, आणि येताना पाण्याची बाटली ठेवा, रांगेत वेळ जातो.